आईचा चष्मा

मुलीने पेन पुन्हा आईच्या बोटांत कोंबलं. आईने ते अलगद टेबलावर ठेवलं.

"चष्मा घरी राहिला गं. न वाचता कशी सही करू?"

मुलीचं डोकं फिरलं. परवा गुडघा धरला होता, काल चक्कर आली होती, आज चष्मा! धाकटा भाऊ कोठडीत गेला तो तिथून थेट शवागारात. मोरीत पाय घसरला, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच्या पाठीवरचे वळ मात्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हापासून दातांच्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवत होती, आणि घरचंच माणूस पाय मागे ओढत होतं.

"मी वाचून दाखवते," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या चहावर केव्हाच साय धरली होती. "दंडाधिकाऱ्यांची चौकशी होईलच, पण तिथे आपण तोंड उघडलं नाही तर पोलिसांचंच खरं ठरेल. शिवाय वरच्या कोर्टात याचिका करता येते, तपास दुसऱ्यांकडे द्या आणि भरपाई द्या म्हणून. मानवाधिकार आयोग आहे. पण सगळ्यात आधी शवविच्छेदन पुन्हा, बाहेरच्या डॉक्टरांकडून. तोवर देह ताब्यात घ्यायचा नाही. एकदा अंत्यसंस्कार झाले की हातात काही उरत नाही."

"किती दिवस ठेवायचं त्याला त्या गारठ्यात?" आई म्हणाली. "घेऊन जा म्हणतायत ना ते."

"ते म्हणजे कोण? ज्यांनी मारलं तेच ना?" मुलगी ओरडली. बाहेर बसलेला माणूस दारातून डोकावला. "पोटच्या पोराचं तुला काहीच कसं वाटत नाही?"

आईने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

वकीलबाईंनी अर्जाचा मसुदा पुढे ओढला. "इथे एक जागा कोरी आहे. त्याला उचललं कोणाच्या तक्रारीवरून?"

"तेच तर कोणी सांगत नाही," मुलगी वैतागून म्हणाली. "असेल कोणा शेजाऱ्याची."

"माझी," आई म्हणाली.

वकीलबाईंनी मसुद्यावरून मान वर केली.

"तुला सांगितलं तसं माझं शिलाई मशीन दुरुस्तीला नव्हतं गेलं," आई मुलीला म्हणाली. " त्याने विकलं. मीच ठाण्यात गेले. साहेबांना म्हटलं, दोन रट्टे द्या, म्हणजे ताळ्यावर येईल."

मुलीने टेबलावरचं पेन उचलून घेतलं.

"पोलीस हे भर कोर्टात काढतील," वकीलबाई सावकाश म्हणाल्या. "आईलाच नकोसा झाला होता म्हणतील."

"गाळलं तर?" मुलीने विचारलं.

"तक्रार त्यांच्याकडे आहे. आपण हे लपवलं तर आपलं बाकीचंही खोटं ठरेल."

मुलीने पेनाला टोपण लावलं. "राहू दे, आई. चल घरी."

आई उठली नाही. तिने पिशवीत हात घातला, तळातून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि तो डोळ्यांवर चढवला.

"पेन दे," ती म्हणाली. "आणि बाई, त्या कोऱ्या जागेत नीट लिहा. मी दोनच रट्टे सांगितले होते."