गाळ मोजणारा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे. नाहूरच्या पूर्वेला, मिठागरांपलीकडे, तिवरांच्या झाडीतून पाण्याचा एक अरुंद फाटा खाडीला मिळतो. तिथे मालन कोळीण होडी चालवायची. पाण्यात मला रोवून ती होडी ढकलायची आणि खोलीही बघायची. त्यासाठी तिने कोयत्याने माझ्या अंगावर खुणा केल्या होत्या.

दर वर्षी मी एकेक खूण कमी बुडू लागलो. माझा जीव थाऱ्यावर राहीना. फाटा गाळाने भरत होता. ओहोटीला होड्या बाहेरच अडकत आणि मासळी उन्हात नासून जाई.

१९८४ साली गाळ काढायला यंत्र आले, पण काढलेला गाळ काठावरच पडू लागला.

मालन या कामावरच्या इंजिनीअर श्यामसुंदरांना म्हणाली, "साहेब, हा लांब नेऊन टाका. पाणी त्याला परत आत ओढणार."

"कामाच्या कागदावर काठावरच टाकायचं लिहिलंय, बाई."

महिन्याभरात मी पुन्हा जुन्याच खुणेवर आलो.

काम पुरे झाल्याची सही करायला साहेब आले. सही झाली की यंत्र जाणार होते. फाटा दाखवायला मालनने त्यांना होडीत घेतले. पाणी कधी उतरते ते तिला तोंडपाठ होते, तरी ती त्याच वेळी निघाली. अर्ध्या वाटेत होडी चिखलात बसली.

"आता?" साहेबांनी विचारले.

"आता पाणी चढेपर्यंत थांबायचं. पाच तास तरी."

साहेबांनी मला तिच्या हातातून घेतले आणि सगळा भार टाकून रेटले. होडी हलली नाही. मी मात्र मधोमध चिरलो.

मालनने त्यांच्यापुढे भाकरी आणि सुकट ठेवली. "आम्ही रोज असेच बसतो, साहेब."

काठावरचा चिखल हळूहळू फाट्यात ओघळत होता. साहेब बराच वेळ तिकडे बघत राहिले. "सही नाही करत," ते शेवटी म्हणाले. "वर लिहून कळवतो."

दोन महिन्यांनी गाळ मोठ्या होड्यांतून दूर जाऊ लागला. फाटा मोकळा झाला. मला मालनने अंगणात जाळी वाळत घालायला बांधले.

आता होड्यांना इंजिने आली आहेत. खोली कुणी बघत नाही. ओहोटीला होडीचा तळ घासल्याचा आवाज येतो आणि मी जागच्या जागी तळमळतो. मित्रांनो, पाणी वरून नेहमी सारखेच दिसते. खाली काय साठते आहे, ते अधूनमधून हात घालून बघत जा.