आमची जीभ

माझे दोघे भाऊ वेगळे झाले, दुकान धाकट्यानं घेतलं आणि केकची भट्टी थोरल्याकडं राहिली, त्या वर्षी थोरल्याच्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेले. नवरा वारल्यापासून मी थोरल्याकडंच असते, भट्टीवर खोकी भरते.

सुनेची चव पक्की. पाक असो, क्रीम असो, तिनं चाखल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. भाऊ गिऱ्हाइकांसमोर मिरवायचा, "ही आमची जीभ!"

तिला लग्नाआधीपासून मधुमेह. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आधी साखर ताब्यात आणा, मग मुलाचं बघा. बाळाचं हृदय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडतं. पण घरात नातवाची घाई. दिवस राहिल्याचं कळल्यावर पोर चाखून मोरीत थुंकायला लागली.

भावानं पाहिलं. "माझ्या मालावर थुंकतेस?"

"मालावर नाही बाबा, मोरीत."

"गिऱ्हाइकानं बघितलं तर? घरचेच थुंकतात, मग आम्ही का गिळावं?"

"बाबा, चाखायचं मी बघतो," तिचा नवरा, माझा भाचा, म्हणाला.

"तू? तंबाखूनं तुझी जीभ कधीच मेली. तुला खडूसुद्धा गोड लागेल. आणि चिमूटभर क्रीमनं कुणाचं काय होतंय?"

घाण्यागणिक चिमूट. संध्याकाळपर्यंत वाटीभर पोटात जायचं.

वर वहिनीनं तिच्या गोळ्या उचलून ठेवल्या. "पोटुशीनं औषधं घेऊ नयेत. माझी तिन्ही बाळंतपणं गोळीशिवाय झाली."

"तुला कुठं मधुमेह होता?" मी म्हणाले.

"वन्सं, तुमचं एक तरी बाळंतपण झालंय का?"

मी भट्टीवर जाऊन खोकी भरायला लागले.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं, बाळाच्या हृदयात भोक, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या.

"नशीब," भाऊ म्हणाला.

"नशिबाचं असतंही कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण साखर एवढी वाढलेली. गोळ्या कुणी थांबवल्या? मला विचारलं असतं तर बाळाला चालणारं औषध दिलं असतं."

वहिनी पदर चाचपत बसली. सून माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आत्या, बाई हे मला विचारतायत की सासूबाईंना?"

घरी आल्यावर भावानं भट्टी पेटवली. ऑर्डर होती.

मुलगी झाली. दिसायला छान, ओठ तेवढे निळे. ऑपरेशनसाठी मोठ्या इस्पितळात हलवलं, पण ऑपरेशनपर्यंत ती टिकली नाही. भाऊ वेगळे झाले त्याच वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, जन्मल्याच्या चौथ्या दिवशी ती गेली.