सुटे कनेक्टर तीन

आई शेवटी ताईकडे राहायला गेली. बॅग, उशी, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या, सगळं घेऊन गेली. पण ते सोडा. तिच्या धाकट्याच्या मते असं काही घडलेलंच नाही. आई जरा बाहेर गेली आहे, येईल. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि बुधवारपासून सुरुवात करू.

बुधवारी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याच दिवशी तिच्या खोलीतला दिवा गेला. मोतीबिंदू जरा जास्तच पिकला होता म्हणून डॉक्टर तिला शनिवारपर्यंत दवाखान्यात ठेवून घेणार होते. ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. तिला एवढी बातमी पुरली.

"शनिवारी आईच्या खोलीत उजेड नसेल तर तिला मी माझ्याकडे नेणार," ती फोनवर म्हणाली. "कायमची."

"कायमची कशाला?"

"तू एक दिवा लावायला किती वेळ घेतोस ते मला माहीत आहे म्हणून. नाहीतर यांना पाठवू का?"

हे म्हणजे भावोजी. पेशाने वायरमन, लायसन्सवाले, आणि धाकट्याच्या मते जगातल्या सर्वांत फालतू पेशातले.

"तारेला तार लावायला माणूस बोलवायचा?" धाकटा म्हणाला. "उद्या बुटाची नाडी बांधायलाही बोलवू."

फोन ठेवून त्याने मेन स्विच बंद केला आणि तो स्टुलावर चढला. छतातून तीन तारा लोंबत होत्या: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. कुणीतरी त्यांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळली होती आणि ती जळून काळी पडली होती. हे काम कुठल्या गाढवाचं, म्हणून धाकट्याने मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग त्याला आठवलं की हे काम दोन वर्षांपूर्वी त्यानेच केलं होतं. त्याने त्या गाढवाला मोठ्या मनाने माफ केलं. आता टेप नको, कनेक्टर हवेत. तारेचं टोक आत घालायचं, खटका दाबायचा, झालं. असे फक्त तीन.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचा मालक सगळ्यांना शंभरराव म्हणून माहीत होता, कारण तो कुठलीही वस्तू शंभराच्या पाकिटातच ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या चपलांकडे बघायचा. चपलांवरून माणूस वायरमन नाही हे कळलं की मग तोंडाकडे बघायची त्याला गरज वाटत नसे.

"तीन कनेक्टर द्या," धाकटा म्हणाला.

"पाकीट शंभराचं."

"बरं, पाकीट द्या."

"पाकीट लायसन्सवाल्याला."

"मग सुटे द्या."

शंभररावाने मागच्या पाटीकडे अंगठा केला. 'सुटा माल: जुना आणा, नवा न्या.'

"म्हणजे?"

"म्हणजे बाद झालेला कनेक्टर दाखवायचा, जमा करायचा आणि एकास एक नवा न्यायचा. नाहीतर लोक घरी नेऊन वायरिंग करतात."

"वायरिंगसाठीच तर कनेक्टर असतात!"

"बघा," शंभरराव चपलांना म्हणाला, "म्हणूनच नियम केला."

पुढच्या चौकातलं दुकान शंभररावाच्या भाच्याचं होतं. तिथे तीच पाटी होती, फक्त अक्षर वाईट. फोनवरून मागवले तर सोमवारी येणार होते. उरले भावोजी. त्यांच्याकडे खिसाभर कनेक्टर असणार हे धाकट्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्याला त्यांचा राग होता.

रात्रभर त्याने डोकं चालवलं. डोकं चाललं की धाकट्याचं नुकसान होतं, असं आई म्हणायची. पण आई दवाखान्यात होती.

गुरुवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातला दिवा उतरवला. ते वायरिंग भावोजींचं, त्यामुळे तिथे तीन झकास कनेक्टर होते. ते त्याने काढले, खिशात घातले आणि दुकान गाठलं.

शंभररावाने एक उचलून उजेडात धरला. "हा तर धडधाकट दिसतो."

"गेला."

"कधी?"

"आज सकाळी."

"आणि हे दोघे?"

"त्याच्या पाठोपाठ."

शंभररावाने ते तिन्ही काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकले आणि तीन नवे मोजून दिले. दुपारपर्यंत आईच्या खोलीत लख्ख उजेड होता. धाकट्याने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि समस्त वायरमन जमातीची कीव केली. मग तो अंधाऱ्या स्वयंपाकघरात चहा करायला गेला आणि गॅसऐवजी मिक्सर चाचपत बसला.

त्याने लगेच ताईला फोन लावला. आधी विजयाची बातमी, मग ती कशी मिळवली त्याची हकिकत.

"थांब," ताई म्हणाली. "स्वयंपाकघरातले चांगले कनेक्टर काढलेस. ते दुकानात दिलेस. आणि तीन नवे आणलेस."

"हो."

"मग स्वयंपाकघरातलेच उचलून आईच्या खोलीत का नाही लावलेस?"

धाकट्याने या प्रश्नावर खरोखर विचार केला. "ते जुने होते ना," तो म्हणाला.

"आता आईचं पथ्याचं जेवण अंधारात करणार का, दीडशहाण्या?"

हा मुद्दा बरोबर होता. शुक्रवारी त्याने न्हाणीघरातले तीन काढून दुकानात जमा केले आणि नवे तीन स्वयंपाकघरात लावले. संध्याकाळी तोच न्हाणीघरात साबणावरून घसरला. म्हातारं माणूस इथे पडलं तर काय, या विचाराने तो हळवा झाला आणि शनिवारी सकाळी त्याने हॉलमधले तीन काढले.

"तुमच्या घरात साथ आली आहे का?" शंभररावाने विचारलं. डबा आता जड वाजत होता.

"शेवटचे तीन," धाकटा म्हणाला.

"घरटी नऊची मर्यादा आहे. तुमचा कोटा भरला. आता पुढच्या वर्षी."

न्हाणीघर उजळलं. घरात अंधार पहिल्यापासून एकच होता आणि तीन दिवसांत त्याने फक्त खोल्या बदलल्या होत्या. आता तो हॉलमध्ये, ऐन दारात येऊन बसला होता. धाकट्याला त्याचं विशेष वाटलं नाही. हॉलमध्ये लोक चपला काढतात. चपला काय, पायांना माहीत असतात.

दिवेलागणीला दार वाजलं. ताईने आईचा हात धरला होता, मागे भावोजी बॅग घेऊन उभे होते. आईने काळा चष्मा काढला, एक पाऊल आत टाकलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला धूसर दिसेल. हे तर काहीच दिसत नाही."

"आई, डोळे ठीक आहेत," धाकटा घाईघाईने म्हणाला. "हॉलमध्ये दिवा नाही, एवढंच. तुझ्या खोलीत आहे ना! ताई, अट खोलीची होती. खोली बघ, लख्ख!"

"आणि खोलीपर्यंत मी जायचं कसं रे, सोन्या?" आईने विचारलं. तिने अंधारात हात पुढे केला. तो टीपॉयला लागला, टीपॉयवरची फुलदाणी गेली. मग ती डोळे बारीक करून पॅसेजकडे बघत राहिली. तिथे एका बंद दाराखालून उजेडाची पट्टी येत होती.

"ती कुणाची खोली?"

"माझी."

"तिथे दिवा आहे?"

"आहे."

"तो नाही काढलास कधी?"

"तिथे मी राहतो ना, आई."

"चांगलं दिसतंय गं आता मला," आई ताईला म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसतंय."

भावोजींनी खिशात हात घातला आणि तळहात पुढे केला. त्यावर सात-आठ कनेक्टर होते. "घ्या. नाहीतर सरका, दोन मिनिटांत लावतो. आईंना बसू दे."

आई थांबली. ताईसुद्धा थांबली. धाकट्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर आईची बॅग खाली ठेवली गेली असती, हे त्यालाही कळत होतं. त्याने तळहाताकडे पाहिलं. मग त्याला भावोजींचा चेहरा दिसला, त्यावर कसलाच आव नव्हता, आणि नेमकं तेच त्याला सहन झालं नाही.

"असले उष्टे कनेक्टर मला नकोत," तो म्हणाला. "मी रीतसर आणीन."

"चल गं," आई म्हणाली.

ताईने खोलीत जाऊन उशी आणली. येताना आईच्या खोलीतला दिवा तिने सवयीने बंद केला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. धाकटा फुलदाणीच्या तुकड्यांना चुकवत आपल्या खोलीत गेला, लख्ख उजेडात टेबलाशी बसला आणि त्याने कोरा कागद पुढे ओढला.

प्रति,
माननीय मालक, कोपऱ्यावरील इलेक्ट्रिकचे दुकान.

विषय: सुटे कनेक्टर तीन मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या काउंटरखालील डब्यात माझ्या घरातील नऊ कनेक्टर आहेत. ते सर्व चालू स्थितीत असून त्या वेळी मी खोटे बोललो होतो. त्यांपैकी तीन मला बाद म्हणून परत द्यावेत, जेणेकरून मी ते आपल्याकडे बाद म्हणून पुन्हा जमा करीन व नियमानुसार तीन नवे घेईन. घरटी नऊची मर्यादा माझ्या बाबतीत शिथिल करावी. तसेच हॉलमधील दिवा लागताच माझ्या आईने पूर्ववत आपल्या खोलीत राहण्यास यावे, असा आदेश आपल्याच दुकानाच्या सहीशिक्क्याने काढावा, ही नम्र विनंती.