प्रश्नचिन्हामागची माझी शेपटी

मी एक जुना वेब-पत्ता आहे. मित्रांनो, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत मी राहतो, रक्तदाते शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळावर. माझ्या प्रश्नचिन्हामागे शेपटी आहे: रक्तगट, विभाग, पान. तुम्ही काय शोधताय, ते मी त्या शेपटीत धरून ठेवतो.

मला घडवणारा प्रोग्रामर हुशार; चूक मात्र नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर मांडणारा. पूर्वी कुणी पुढचं पान मागितलं की त्याचा कोड पानाचा आकडा तेवढा बदलायचा. लोक वाहवा करायचे, माझी नव्हे, त्याची. मग त्याला कोड सुटसुटीत करायची हुक्की आली. आता पुढचं पान म्हटलं की अख्खी शेपटी पुसून नुसतं 'पान दोन' लिहिलं जाऊ लागलं. तपासणी त्यानं केली ती पहिल्याच पानावर!

आज त्याच्या सासऱ्यांचं ऑपरेशन ओ निगेटिव्ह रक्तावाचून अडलं. बायको दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून दाते शोधत होती. पहिल्या पानावरचे कुणी परगावी, कुणी तापानं पडलेले. तिनं दुसरं पान उघडलं आणि माझा रक्तगटच पुसला गेला. मला ओरडायचं होतं, पण पत्त्याला घसा कुठला? ती फोनवर फोन लावत राहिली.

"ओ निगेटिव्ह ना तुमचं?"

"नाही हो ताई, बी पॉझिटिव्ह."

शेवटी तिनं नवऱ्यालाच गाठलं. "अरे, दुसऱ्या पानावर भलतेच लोक येतायत!"

"माझ्याकडे तर नीट चालतंय."

"मग बाबांना तुझ्या टेबलावर आणून झोपवू? दुसरं पान उघड आधी!"

त्यानं उघडलं. यादीत सगळेच रक्तगट होते. "फोन ठेवू नकोस."

त्यानं कोड बदलला: आधी मला पूर्ण वाचायचं, मग फक्त पान बदलायचं. "आता पहिल्यापासून शोध."

मी शेपटी घट्ट धरली. दुसरं पान उघडलं, रक्तगट जागेवर राहिला. एका बाईंनी फोन उचलला.

"ओ निगेटिव्हच आहे माझं. पण मी पार दुसऱ्या टोकाला आहे. पोचेपर्यंत डॉक्टर थांबतील ना?"

लेकीनं जिन्यातून ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराकडे पाहिलं. "थांबतील," ती म्हणाली. तसं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, मला खुशाल बदला. पण बदलायचं तेवढंच बदला. उरलेल्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो. त्या बाई अजून वाटेत आहेत.