खिडकीजवळच्या सात फळ्या

मित्रांनो, मी मेपलच्या फळ्यांची एक जुनी जमीन आहे. अमेरिकेतल्या डॅनबरी गावात, एका वाणसामानाच्या दुकानावरच्या मजल्यावर मला ठोकून बसवले, तेव्हा गावात टोप्यांच्या कारखान्यांचे भोंगे वाजत असत. माणसांचे चेहरे मला नीट आठवत नाहीत. मी त्यांना पायांवरून ओळखते.

माझी पहिली वर्षे सिन्योर बोन्फाती या इटालियन नृत्यमास्तरांकडे गेली. त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुली कडक चवड्यांचे बूट घालून अंगठ्यांवर उभ्या राहत, गिरक्या घेत, आणि मास्तर काठीने माझ्यावर ताल ठोकत. दर शनिवारी मला स्वच्छ पुसून काढत. "अशी जमीन न्यूयॉर्कातही मिळायची नाही," असे मास्तर पालकांना सांगत, आणि मला बरे वाटे.

मग १९१० साली ट्रेडवेल बहिणी आल्या. थोरली हेस्टर, धाकटी विनी. दोघी टोप्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. भोंगा होण्याआधीचा सकाळचा तास मास्तरांनी त्यांना वापरू दिला. त्या अनवाणी नाचत. तळपायाची ऊब मला तेव्हाच प्रथम कळली. हेस्टरचे पाऊल रुंद आणि जड होते. विनी हलकी होती, पण तिच्या डाव्या टाचेत बारीक कंप असे. टोप्यांच्या लोकरीला पारा लावतात त्या खोलीत ती काम करी, आणि तिथल्या माणसांना असा कंप सुटतोच.

फेब्रुवारीत विनी कारखान्यात उभ्याउभ्या कोसळली आणि गेली. हेस्टर शेजारीच होती. तिने ते पाहिले.

आठवड्याने हेस्टर एकटीच आली. खिडकीजवळ उभी राहिली आणि पडली. उठली, पुन्हा पडली. सुरुवातीला तिचे कोपर आणि खुबे माझ्यावर असे आदळत की खाली दुकानातल्या बरण्या वाजत. रोज चाळीस वेळा ती पडे. उन्हाळ्यापर्यंत आवाज कमी झाला. पानगळ आली तेव्हा आवाज उरलाच नाही, आणि मला तिची भीती वाटू लागली.

पुढच्या जूनमध्ये मास्तरांच्या दोन विद्यार्थिनी त्यांना सोडून हेस्टरकडे जाऊ लागल्या. मास्तर चिडले. त्यांनी पालकांना बोलावले, हेस्टरलाही बोलावले. तिची आई पियानो वाजवायला आली होती.

"हेस्टरबाई, गिरकी येते का तुम्हाला?" मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारले.

"नाही येत."

"अंगठ्यांवर उभं राहता?"

"तेही नाही."

"मग या पोरींना शिकवता तरी काय?"

"सध्या पडायला शिकवतेय."

पालक हसले. मास्तर म्हणाले, "पडायला? ते तर आमच्या गल्लीतला दारुडाही शिकवील, आणि फुकट. लविनिया, पडून दाखव गं."

लविनिया त्यांची सर्वांत तयार विद्यार्थिनी. ती पडली, पण आधी हात टेकले, मग कोपर आपटले. ती कळवळून म्हणाली, "मास्तर, हात आपोआप पुढे जातात. थांबवता येत नाहीत."

मास्तर हेस्टरकडे वळले. "आता तुम्ही. नाही जमलं तर उद्यापासून सकाळी या दाराला कुलूप."

हेस्टरने बूट काढले आणि ती खिडकीजवळ उभी राहिली. आई पियानो वाजवू लागली. बराच वेळ हेस्टर हलली नाही. मग तिच्या डाव्या टाचेत बारीक कंप सुरू झाला. माझ्यावरचा भार कमी कमी होत गेला. गुडघा, खुबा, खांदा, गाल. एकही आवाज नाही. आणि माझ्यावर जी पडली होती, मित्रांनो, तिचे वजन हेस्टरचे नव्हते.

पियानो थांबला. आई वळून हळूच म्हणाली, "विनी, ऊठ बाळा. कामाला उशीर होईल."

कुणी हसले नाही. हेस्टर उठली. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तळहात माझ्यावर टेकला.

"वजन आधी कुठं सोडलंत?" त्यांनी विचारले.

"गुडघ्यापर्यंत मी असते, मास्तर. पुढचं मला माहीत नाही."

"म्हणजे हे कसब नव्हे?"

"वर्षभर रोज चाळीस वेळा पडले, तेव्हा कुठं गुडघ्यापर्यंत पोचले."

मास्तर उठले आणि म्हणाले, "लविनिया, बूट काढ. बाई सांगतील तसं कर."

सकाळचा तास हेस्टरकडेच राहिला. त्या दिवशी ती आपल्या नेहमीच्या जड पावलांनी जिना उतरून गेली, आईही गेली. पण खिडकीजवळच्या सात फळ्यांवर जे वजन निजले होते, ते उठले नाही.

पुढे हेस्टर न्यूयॉर्कला गेली, मास्तर थकले. खोलीत कचेरी आली. माझ्यावर लिनोलियमचे जाड आच्छादन चिकटवले आणि मला उजेड दिसेनासा झाला. कारकून त्या सात फळ्यांवर कपाट ठेवत, आणि आठवड्याभरात त्यांच्यापैकीच कुणीतरी ते निमूटपणे बाजूला सरकवी. का, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारले नाही.

आता ही इमारत पाडणार आहेत. मित्रांनो, नुसते उभे राहणारे, नुसते पडणारे कुणी दिसले तर 'हे कुणालाही येते' असे पटकन म्हणू नका. आणि माझ्या फळ्या उखडायला याल तेव्हा खिडकीजवळच्या सात शेवटी काढा. पहार लावू नका. दोन्ही हातांनी, सावकाश उचला. तिला आजवर कुणी उचललेले नाही.