अंगण वाकडं

...फिरतोय, पण सुटत नाही. नळीच्या तळाशी, करंगळी जेमतेम जाईल एवढ्या भोकात तो बोल्ट बसला होता, आणि षटकोनी ॲलन-की घातली की इतक्या गुमान फिरायचा की वाटावं, झालं, निघालाच आता — आणि हा पठ्ठ्या आपला आहे तिथेच. असं का, ते त्याला कळलं होतं. बोल्ट बाहेरून घातलेला असला तरी त्याचे आटे आतल्या एका सुट्या नळीत होते. बोल्ट फिरवला की तीही बरोबर गरगरायची. आतलीला कुणीतरी धरून ठेवल्याशिवाय बाहेरचा सुटणार नव्हता.

घरामागच्या फरशीवर मोटारसायकल उभी होती, इंजिनाखाली पालथं खोकं आणि दोन विटा, पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. ब्रेकचा सांगाडा नाडीने वर बांधून ठेवलेला, ब्रेकच्या तेलाची नळी ताणली जाऊ नये म्हणून. पुढच्या चाकाला धरणाऱ्या फोर्कचा एक पाय अजून गाडीला होता, दुसरा त्याच्यासमोर दोन स्टुलांवर गोणपाटात आडवा. घरात हत्यारं म्हणाल तर अर्धे हरवलेले पाने, एक हातोडी, जोर लावायला लोखंडी पाइपचा तुकडा... आणि पेचकस. चष्मेवाल्याच्या घरात पेचकसांना काय तोटा! मुंगीचे सांधे उघडावेत इतके बारीक. सकाळपासून त्यांतला एकच कामाला आला, तेल अडवणाऱ्या सीलवरची तारेची कडी उचकटायला, आणि तेव्हाही त्याने आधी कोपर स्टुलावर नीट टेकवलं होतं.

कोपर टेकलं की थांबतं. हे त्याला उन्हाळ्यात दुकानात कळलं. एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवताना स्क्रू भोकापर्यंत जायचा आणि बाजूला सरकायचा, जायचा आणि सरकायचा. बाई म्हणाल्या, सावकाश होऊ द्या. त्याने कोपर काचेवर टेकवलं, स्क्रू बसला. मग तो नेहमीच टेकवायला लागला. कुणाच्या लक्षात येण्यासारखं त्यात काय आहे? माणूस दमतो, टेकवतो.

आणि मग गाडीचं हँडल थरथरायला लागलं.

म्हणजे थरथरतंच. मी काय खोटं बोलतोय? सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात, उजव्या मुठीतून बारीक थरथर सरळ खांद्यापर्यंत येते. गेल्या आठवड्यात मागे बायको बसली होती. तो म्हणाला, "हँडल थरथरतंय गं, पुढचे फोर्क गेलेत बहुतेक." ती नेहमीच्या तोऱ्यात म्हणाली, "नाचता येईना..." आणि तिथेच थांबली. आयुष्यभर त्याच्या गाडी चालवण्यावर ही म्हण फेकत आलेली बाई, तिने ती अर्ध्यातच सोडली आणि भाजी कुठून घ्यायची ते विचारलं. उरलेली म्हण त्याने मनातल्या मनात पुरी केली. तेव्हापासून ती तिथेच होती.

अंगण वाकडंच निघू दे. एवढंच मागणं. लोक मागतात की यंत्रात काही बिघाड नसो. हा सकाळपासून बिघाड मागत बसला होता. नळी वाकलेली असू दे, आत काहीतरी झिजलेलं असू दे, डोळ्यांना दिसेल असं. कारण तसं नसलं तर मग बिघाड गाडीच्या अलीकडे आहे, आणि अलीकडे तो, त्याचा हात, आणि त्या हातावर चाललेलं दुकान... कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गाडी टाकायची नाही म्हणून तर त्याने हा खटाटोप मांडला. मेकॅनिक गाडीवर बसणार, गल्लीला एक फेरी मारणार आणि हात पुसत म्हणणार, "गाडीला काही झालेलं नाही, साहेब." ते ऐकायला कोण जाणार!

"चहा," बायको म्हणाली आणि कप पायरीवर ठेवला.

अर्धा कप. हल्ली हिला ही एक नवीन खोड लागली होती.

"भरून दिलास तर घर बुडेल का?"

"गार करता तुम्ही. लागला तर आणखी देते की." तिने पसाऱ्याकडे पाहिलं. "आणि पुन्हा जोडता येणार आहे ना हे? की उद्यापासून दुकानात पायी?"

"येतंय. फक्त तो फरशी पुसायचा दांडा दे."

"फोर्क पुसणार आहात?"

दांड्याचं टोक त्याने सुरीने निमुळतं तासलं. ("तो नवा होता," ती म्हणाली, पण सुरी तिनेच आणून दिली होती.) सकाळी तेल पातेल्यात काढलं होतं, स्प्रिंगही ओढून घेतली होती, त्यामुळे वरून वाट मोकळी होती. दांडा आत सरकवला, हाताला आतल्या नळीचं तोंड लागलं, वरून हातोडीचे तीन-चार ठोके. बसला.

"आता तू इथे बस आणि हा दोन्ही हातांनी घट्ट धर. मी तिकडून फिरवतो. इकडे फिरू द्यायचा नाही."

ती स्टूल ओढून बसली, पदर खोचला आणि दांडा धरला. ती एका टोकाला, तो दुसऱ्या, मध्ये हातभर लोखंड. त्याने ॲलन-की घातली, तिच्यावर पाइप चढवला, मूठ आवळली. इथे कोपर टेकवायला काही नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही फिरवताय का?"

"नाही अजून."

दांड्यावरची तिची बोटं त्याला इथून दिसत होती, नखं पांढरी पडलेली.

"बरं," ती म्हणाली. "फिरवा आता. मी धरलाय."

त्याने सगळा भार टाकला. आधी काहीच नाही. मग कट्ट असा कोरडा आवाज झाला, आणि बोल्ट सुटला. खरंच सुटला! आटे एकेक करून बाहेर येताना बोटांना कळत होते. पायाची वरची लांब नळी धरून त्याने दोन-चार हिसके दिले तशी ती सीलसकट बाहेर आली, काळ्या तेलाने माखलेली. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याने एवढ्यावरही उडी मारली असती.

दुकानातल्या जुन्या शोकेसची काच घरात पडून होती. ती त्याने फरशीवर टाकली, नळी लख्ख पुसली आणि काचेवर ठेवून तळव्याने लोटली. नळी आणि काच यांच्यामधल्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसते. नळी वाकडी असेल तर रेघ जाड-बारीक होते. तो गाल फरशीला टेकवून पाहू लागला. रेघ हलली. हललीच! इतका आनंद झाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"वाकडी आहे. बघ, बघ, मी म्हणत नव्हतो?"

"तुमचा हात आहे तिच्यावर," ती म्हणाली. "सरका जरा."

तिने एका बोटाने नळीला टिचकी दिली आणि हात काढून घेतला. नळी आपली आपण गडगडत काचेच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. रेघ सारखी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी.

"सरळ आहे हो," ती अगदी हळू म्हणाली.

"दुसरी राहिलीय अजून."

"हो ना. तीपण खोलू. मी धरते दांडा."

म्हण कुणीच पुरी केली नाही. ती आत गेली आणि किटली घेऊन आली, गार चहा तिने झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि कप पुन्हा भरला... अर्धा. आणि तिचा हात तिथे थांबलेला पाहताना त्याला एकदम दिसला तो थंडीतला एक चहा, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून खिडकीशी घेतलेला. तोही अर्धाच होता. तेव्हाही तो तिला चिकट म्हणाला होता. थंडीत. आणि दुकानात कोपर टेकवायला मी लागलो उन्हाळ्यात... म्हणजे माझ्या आधीच हिला —

राग आला. सपाटून आला. एवढे महिने, रोज दोनदा, माझ्या डोळ्यांदेखत, आणि एका शब्दाने नाही! मग वाटलं, मी तरी कुठे सांगितलं? ती तिकडून सांडू देत नव्हती, मी इकडून कोपर टेकवत होतो. घरात दोनच माणसं, आणि दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसलेली. त्याला हसू येईल असं वाटलं. आलं नाही, पण रागही उरला नाही.

"भर पूर्ण."

"अहो, गार होईल..."

"होऊ दे. भर."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि काठोकाठ ओतला. किटली खाली ठेवली, पण आत गेली नाही. त्याने तेलाचा हात फडक्याला पुसला, बोटं एकेक करून. पायरी जवळच होती, गुडघाही होता. त्याने कोपर कशालाच टेकवलं नाही आणि हात कपाकडे नेला.

ती बघत होती. बघू दे.