काळे जव

काळे जव आमच्या डोंगरात औषध मानतात. मोडलेलं हाड सांधायला, बाळंतिणीच्या अंगात ताकद यायला. तिरिंगोवहिनीला आठवा लागला, तशी आईने यंदाच्या राशीतून काळे दाणे वेगळे निवडून ठेवले. बाळंतपणातली गेन्फो, म्हणजे घट्ट लापशी, त्यांचीच करायची होती.

मी सुट्टीला घरी आले आणि सहज सुपात हात घातला.

"आई, यांना खाच कुठेय?"

"कसली खाच?"

"जवाच्या पोटावर असते ती. आणि किती लांब आहेत बघ."

"कॉलेजात दाण्यांची पोटं बघायला शिकवतात होय!" आई हसली.

मी एक दाणा नखाने मोडला. बाहेरून जांभळट काळा, आत करडा पांढरा.

"हे जव नाहीत, आई. अरगट आहे. बुरशी फुलात शिरते आणि दाण्याच्या जागी आपलीच कठीण गाठ बांधते. विषारी असते ती. रक्तवाहिन्या आवळते, गर्भाशयही. वहिनीने खाल्ले का यातले?"

आईचं हसू गेलं. "रोज मूठभर भाजून देतेय. तिला आवडतात म्हणून."

वहिनी चुलीपाशी पाय शेकत बसली होती. "मुंग्या येतात गं पायांना. दिवस भरत आले की येतातच, असं सासूबाई म्हणतात."

मी तिच्या पायांची बोटं धरली. विस्तवाजवळ असूनही थंडगार. घोट्याजवळची नाडी कशीबशी लागली.

"आणि पोट?"

"सकाळपासून दगडासारखं होतंय. मग सुटतंय."

आईने सूप उचललं आणि शेतात भिरकवायला दाराकडे धावली.

"तिकडे नको!" मी ओरडले. "मातीत झोपून राहतात त्या गाठी. पावसात त्यांना बारीक छत्र्या फुटतात, आणि जव फुलला की बुरशी पुन्हा आत शिरते. खोल पुरावं लागेल."

आई दारातच थबकली. सूप खाली ठेवायचीही तिला भीती वाटू लागली.

दादाने शेजाऱ्यांना हाका मारल्या. दवाखाना दरीपलीकडे. वहिनीला खाटेवर निजवलं, तेव्हा तिने माझं मनगट पकडलं.

"बाळ हलतंय ना गं? तूच बघ. तू शिकलीयस."

मी पोटावर हात ठेवला. ते पुन्हा दगड झालं होतं. खाली काहीच कळेना.

"उचला खाट," मी दादाला म्हणाले. वहिनी माझ्या तोंडाकडेच बघत होती.